आधी तिथी पाहा, मग बेट गाठा

दिवाडी बेटाला आजही पूल नाही. जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या कमानीखालून रस्ता सरळ मांडवीच्या धक्क्यावर उतरतो आणि तिथे फेरीबोट लागलेली असते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. दुचाक्या, मासळीच्या टोपल्या, पाव विकणारा पोदेर आणि शाळेची मुले यांना घेऊन बोट काही मिनिटांत पलीकडे पोहोचते. एरवी हे बेट शांत असते. भाताची खाजने, पाणी आत-बाहेर सोडणारे बंधारे आणि टेकडीवरचे पांढरे चर्च पाहून दुपारपर्यंत परतता येते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मात्र याच धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते, कारण त्या दिवशी दिवाडीत बोंदेराम असतो.

कळमेश्वरहून किंवा नागपुरातून गोव्याला जाणारे कुटुंब बहुतेक वेळा दिवाळीच्या नाहीतर नाताळच्या सुट्टीत निघते, समुद्रकिनाऱ्याजवळ हॉटेल घेते आणि चार दिवसांनी परत येते. त्यात वावगे काही नाही. पण गोव्यात नदीतली बेटेही आहेत, पणजीपासून तासाभराच्या आत आहेत, आणि त्यांचे खरे दिवस कॅलेंडरमध्ये ठरलेले आहेत. दिवाडी, चोडण, कुंभारजुवे आणि जुवे ही मांडवीच्या परिसरातली बेटे. ज्या तिसवाडी तालुक्यात पणजी आहे, तोही मांडवी, जुवारी आणि त्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवेच्या कालव्याने वेढलेला, म्हणजे एक मोठे बेटच. किनाऱ्यावरचा पाहुणा वर्षभरात कधीही आला तरी समुद्र तोच असतो. नदीतल्या बेटांचे तसे नाही. तिथे योग्य दिवशी पोहोचणाऱ्याला जे दिसते, ते आठवडाभर उशिरा आलेल्याला कुणी सांगूनही कळत नाही. म्हणून बेटावरची सुट्टी आखताना हॉटेल नंतर शोधावे, सण आधी शोधावा.

बोंदेरामची कथा सीमेच्या भांडणाची आहे. पोर्तुगीज काळात दिवाडीतल्या वाड्यांमध्ये जमिनीच्या हद्दीवरून तंटे होत, कधी रक्तही सांडे. सरकारने हद्दीवर निशाणे रोवून तोडगा काढला. पोर्तुगीज भाषेत निशाणाला 'बांदैरा' म्हणतात, त्यावरूनच सणाचे नाव आले. गावकऱ्यांनी ही निशाणे दगड मारून पाडली. आज त्या भांडणातले रक्त गेले, खेळ उरला. प्रत्येक वाडा आपापला झेंडा घेऊन वाजतगाजत निघतो, लुटुपुटीची लढाई होते आणि दुपारनंतर चित्ररथांची मिरवणूक सुरू होते. चित्ररथांवर जुन्या गावाचे जीवन असते, चालू घडामोडींवरची टीकाही असते. नागपूरच्या मारबत मिरवणुकीतले बडगे ज्याने पाहिले आहेत त्याला ही गावकऱ्यांची टीका ओळखीची वाटेल.

लढाईतले हत्यार जवळून पाहण्यासारखे आहे. त्याला फोटाश म्हणतात. बोटभर जाडीच्या पोकळ बांबूची नळी, आणि तिच्यात घट्ट बसेल अशी काठी. रानातले एक कडक हिरवे फळ नळीच्या पुढच्या टोकाशी दाबून बसवायचे, दुसरे मागून घालायचे आणि काठी जोरात पुढे रेटायची. दोन फळांच्या मध्ये अडकलेली हवा दाबली जाते आणि पुढचे फळ 'फट्' असा आवाज करून सुटते. लागले तर चटका बसतो, इजा होत नाही. मुले सकाळपासून खिसे फळांनी भरून फिरत असतात आणि पाहुण्यालाही सोडत नाहीत. ज्याला चित्ररथांपेक्षा हे पाहायचे असेल त्याने दुपारची वाट न बघता लवकर पलीकडे जावे. दुपारनंतर चारचाकी घेऊन धक्क्यावर थांबणे म्हणजे अर्धा सण रांगेत घालवणे. गाडी जुन्या गोव्यात किंवा रायबंदरला ठेवून पायी बोटीत चढलेला माणूस नेहमी आधी पोहोचतो.

सणाच्या गर्दीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पियेदादच्या टेकडीवर चर्चशेजारच्या दफनभूमीत एक लहान प्रार्थनास्थळ आहे. त्याच्या छतावर कदंबकालीन कोरीव काम अजून शिल्लक आहे. या जागी पूर्वी देऊळ होते. दिवाडीचा गणपती बेट सोडून गेला आणि ठिकाणे बदलत अखेर खांडोळ्याला स्थिरावला. तो तिथे आजही महागणपती म्हणून पूजला जातो.

बेटांवरचे सण समजून घ्यायचे असतील तर ही स्थलांतराची गोष्ट माहीत हवी. अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतले, आणि १५४०च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडायला सुरुवात झाली. भाविकांनी रातोरात मूर्ती होड्यांत घालून नदीपलीकडे नेल्या, कारण तेव्हा पलीकडचा मुलूख पोर्तुगिजांचा नव्हता. फोंडा आणि डिचोली या भागांत आज जी मोठी देवस्थाने दिसतात त्यांतली कितीतरी अशी पाणी ओलांडून आलेली आहेत. देव गेले, पण त्यांचे मूळ ठिकाण लोक विसरले नाहीत.

सर्वांत ठळक उदाहरण सप्तकोटेश्वराचे. गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत होते आणि त्यांच्या नाण्यांवर या देवाचे नाव कोरलेले असे. दिवाडीतल्या नार्वे येथे त्याचे देऊळ होते. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत ते उद्ध्वस्त झाले. विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभे केले, आणि १५६०मध्ये पोर्तुगिजांनी ते पाडले. लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेण्यात आले. ज्या गावात ते नेले त्यालाही नार्वेच नाव मिळाले. शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये या देवळाच्या बांधणीचा हुकूम दिला. आज दिसणारे, एका टेकडीला पाठ लावून उभे असलेले बुटके घुमटाचे देऊळ तेच. अलीकडे त्याचा जीर्णोद्धार झाला आणि २०२३च्या फेब्रुवारीत ते पुन्हा भाविकांसाठी खुले करण्यात आले. गोकुळाष्टमीला नार्वेच्या काठावर लोक पंचगंगेच्या स्नानाला जमतात. श्रावणातला पाऊस, फुगलेली नदी, आणि देव बेट सोडून गेल्याला साडेचार शतके उलटून गेली तरी न मोडलेला नेम. दिवाडीहून नार्वेला फेरीबोट आहे, त्यामुळे एका दिवसात जुनी जागा आणि नवे देऊळ दोन्ही पाहता येतात.

मराठी वाचकाच्या ओळखीचे आणखी एक बेट म्हणजे जुवे, ज्याला सांत इस्तेव असेही म्हणतात. इथल्या किल्ल्यावर २४ नोव्हेंबर १६८३ रोजी संभाजी महाराजांच्या सैन्याने रात्री कब्जा केला. व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर दुसऱ्या दिवशी किल्ला परत घ्यायला आला आणि मोठी हानी सोसून कसाबसा मागे फिरला. गोवा हातचे जाणार अशी वेळ आली, तेव्हा त्याने आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला. त्याच संताचे फेस्त दरवर्षी ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात भरते, हजारो लोक पायी येतात. डिसेंबरातच जाणे जमत असेल त्याने हा दिवस साधावा. जुवे बेट आता शेतीसाठी ओळखले जाते. इथली सात शिरांची लांब भेंडी गोव्याच्या बाजारात नाव घेऊन मागितली जाते.

कुंभारजुवेचा सांगोड हा मात्र या सर्वांत देखणा सण, आणि त्याची प्रसिद्धी त्याच्या योग्यतेच्या मानाने फारच कमी आहे. गणेशोत्सवाच्या सातव्या दिवशी, विसर्जनाच्या वेळी, दोन-दोन होड्या शेजारी आणून त्यांवर फळ्या बांधतात. या तरंगत्या मंचाला सांगोड म्हणतात. त्यावर गणपती बसतो, किंवा पुराणातला एखादा प्रसंग उभा राहतो. पात्रे माणसेच असतात, चेहरे रंगवून, भरजरी वेष करून, होडी हलली तरी आपला आव न सोडता उभी. कालवा अरुंद आहे, त्यामुळे दोन्ही काठांवरचे प्रेक्षक पात्रांच्या चेहऱ्यावरचे भाव वाचू शकतात. घुमट, शामेळ आणि झांजेच्या ठेक्यावर एकामागून एक सांगोड पुढे सरकतात. मुंबई-पुण्याच्या विसर्जनाची उंची आणि आवाज इथे नाही. इथला गणपती माणसाच्या मापाचा आहे, आणि पाण्यावरून येणारा आवाजही.

या कालव्यात मगरी राहतात, हे सांगितले पाहिजे. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या या खाऱ्या-गोड्या पाण्यात मगरींचे जुने वास्तव्य आहे, आणि काठावरच्या गावांनी त्यांनाही आपल्या सणांत घेतले आहे. दुर्भाट परिसरात पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून, तिला शिंपल्यांचे खवले लावून पूजा करतात. शेताचे बंधारे आणि माणसे सुखरूप राहोत, एवढेच मागणे असते. भीती वाटणाऱ्या प्राण्याला शेजारी मानणारी ही श्रद्धा कुठल्याही वन्यजीव मोहिमेहून जुनी आहे.

कालव्याच्या पलीकडे माशेल. इथले देवकीकृष्णाचे देऊळ मुळात चोडण बेटावरचे. मायलेकरांची एकत्र पूजा होणारे असे देऊळ देशात क्वचितच. पोर्तुगीज काळात मूर्ती चोडणहून मये येथे आणि तिथून माशेलला आली. याच देवळासमोरच्या मैदानात आषाढात चिखलकाला होतो. एकादशीला देवळात अखंड भजन बसते. दुसऱ्या दिवशी पुरुष आणि मुले अंगाला तेल चोपडून, विठ्ठलाच्या नावाचा गजर करत मैदानात उतरतात आणि कृष्णाने सवंगड्यांबरोबर खेळलेले खेळ चिखलात खेळतात. धावणे, पाठशिवणी, एकमेकांना ओढणे, चेंडूफळी. आजोबा आणि नातू एकाच चिखलात लोळतात. गोवा सरकारने अलीकडे या सणाला पर्यटनाच्या कार्यक्रमात स्थान दिले आहे. त्यामुळे मंडप आणि छायाचित्रकार वाढले, तरी चिखल गावाचाच आहे. पाहुण्याने उतरायला हरकत नाही, पण अनवाणी आणि जुन्या कपड्यांत.

स्वतः चोडण पाहायचे तर रायबंदरहून फेरीबोट. धक्क्याला लागूनच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीचे, दोन चौरस किलोमीटरहूनही लहान. सणासाठी आलेल्याने एक सकाळ इथे जरूर काढावी.

पावसाळ्याचा पहिला मोठा सण सांजांव, २४ जूनला. हे संत जॉन द बाप्टिस्टचे फेस्त. बायबलमधल्या कथेत मरिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या जॉनने आनंदाने उडी मारली. गोव्याच्या ख्रिस्ती गावांनी त्या उडीचा सण केला. डोक्यावर फुलापानांचा कोपेल घालून तरुण विहिरीत, तळ्यात, ओढ्यात उड्या मारतात. त्या वर्षीच्या नव्या जावयाचा मान मोठा. सासुरवाडीची मंडळी त्याला सजवतात, फळे देतात आणि वाजतगाजत विहिरीपर्यंत नेतात. शिवोलीत सजवलेल्या होड्या निघतात. घरोघरी हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्यो होतात: तांदळाचा पातळ थर, आत खोबरे आणि गूळ, आणि पान उलगडताच येणारा तो वास. हीच पातोळी नागपंचमीला आणि चतुर्थीला हिंदू घरांतही असते. विहिरीत उडी मारण्याचा मोह पोहता न येणाऱ्याने आवरावा. भरलेल्या विहिरीचा तळ दिसत नाही आणि दरवर्षी सूचना देऊनही दुर्घटना घडतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होण्याआधीच्या दिवसांत पणजीत कार्निव्हलची मिरवणूक निघते आणि 'किंग मोमो' चार दिवसांचे राज्य जाहीर करतो. पर्यटक तिथे गर्दी करतात. त्याच दिवसांत दिवाडीत पोतेकार फिरत असतात. जुने फाटके कपडे, घरी केलेले मुखवटे, कमरेला घंटा, हातात काठी. मुलांच्या मागे धावायचे, मुलांनी किंचाळत पळायचे, आणि मुखवट्याआड कोण आहे हे कुणी उघड करायचे नाही. याला प्रायोजक नाही, तिकीट नाही, मंच नाही. दोन्हींपैकी एकच पाहायचे असेल तर पोतेकार निवडावेत. पणजीची मिरवणूक पाहुण्यांसाठी सजते, आणि पोतेकार एकमेकांसाठी.

विदर्भातल्या घराला या तारखा नेहमीच सोयीच्या पडतात असे नाही. २०२५ साली पोळा २२ ऑगस्टला आला आणि दुसऱ्याच दिवशी, २३ ऑगस्टला, नागपुरात मारबत आणि दिवाडीत बोंदेराम एकाच वेळी होते. ज्या घरात तान्ह्या पोळ्याला नातवाचा लाकडी बैल सजवायचा आहे, तिथून कुणी गोव्याला निघणार नाही, आणि निघूही नये. सांगोडाचेही तसेच. महालक्ष्म्यांचे विसर्जन बरेचदा गणपतीच्या सातव्या दिवसाच्या आसपास येते. ज्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात त्या घरातल्या बाईला तो दिवस मोकळा मिळणे अशक्य. अशा घरांसाठी चिखलकाला उत्तम. तो आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी असतो आणि तिथून परतूनही कळमेश्वर तालुक्यातल्या धापेवाड्याची पौर्णिमेच्या सुमाराची विठ्ठलाची यात्रा चुकत नाही. पोतेकार तर परीक्षांचा अडसर नसेल तर कुणालाही जमावेत. नागपूरहून गोव्याला विमान आहे, मडगावपर्यंत विशेष रेल्वेगाडीही धावत आली आहे. कोकण रेल्वेचे करमळी स्थानक जुन्या गोव्याला अगदी जवळ, म्हणजे दिवाडीच्या धक्क्यालाही.

गोव्याच्या दक्षिणेला, कारवारसमोरच्या समुद्रात कुरुमगड नावाचे बेट आहे. मराठी आणि कोकणी बोलणाऱ्या या किनाऱ्यावरचे मच्छीमार पौष पौर्णिमेला होड्या सजवून तिथल्या नरसिंहाच्या जत्रेला जातात. नव्या होडीसाठी, भरल्या जाळ्यासाठी नवस बोलतात. एरवी जवळपास निर्जन असणारे बेट त्या दिवशी माणसांनी भरते. पण २१ जानेवारी २०१९ रोजी जत्रेहून परतणारी एक बोट उलटून १६ जण बुडाले. बेटावरच्या कुठल्याही जत्रेला जाताना लाइफ जॅकेट नसलेल्या किंवा क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या होडीत चढू नये. पुढची होडी येईपर्यंत थांबावे, मग संध्याकाळ झाली तरी चालेल.

पासपोर्ट काढण्याची तयारी असेल त्यांच्यासाठी आणखी एक बेट आहे, आणि तिथे गणपतीची आरती मराठीत होते. मॉरिशस. १८३४पासून इंग्रजांनी तिथे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर न्यायला सुरुवात केली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसे होती. पोर्ट लुईच्या ज्या पायऱ्या चढून हे मजूर बेटावर उतरले तो आप्रवासी घाट २००६पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्यांची नातवंडे-पतवंडे घरात क्रिओल बोलतात, शाळेत फ्रेंच आणि इंग्रजी शिकतात. मराठीही शिकवली जाते. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मूर्ती डोक्यावरून किंवा सजवलेल्या मखरातून समुद्राकडे किंवा नदीकडे नेतात आणि वाटेत झाकरी नाचतात. कोकणात जाखडी म्हणतात तोच हा नाच. गोल रिंगण, मध्ये गाणारे आणि ढोलकीवाले, पायांत चाळ. पावणेदोनशे वर्षे मूळ मातीपासून लांब राहूनही पावलांचा ठेका सुटलेला नाही.

मॉरिशसमध्ये सण पाहायला येणाऱ्याला एका सहलीत एकाहून अधिक समाजांचे दिवस गाठता येतात. महाशिवरात्रीला डोंगरातल्या गंगा तलावाकडे लोक रात्रंदिवस पायी कावडी घेऊन चालतात. जानेवारी-फेब्रुवारीत तमिळ समाजाचा थाइपुसम कावडी असतो. २ नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाचा स्मरणदिन पाळतात. गुलामगिरीत आणलेल्या आफ्रिकी लोकांनी रुजवलेला सेगा हा नाच आणि भोजपुरी बायकांची लग्नातली गीत-गवई, दोन्ही युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आहेत, अनुक्रमे २०१४ आणि २०१६पासून. हॉटेलांत जेवणाच्या वेळी दाखवतात तो सेगा सुटसुटीत केलेला असतो. रावान या बकऱ्याच्या कातड्याच्या डफावरचा मूळ सेगा किनाऱ्यावरच्या गावात, शेकोटीवर डफ तापवून सुरू होतो.

गणपतीच्या दिवसांत तिथे हिवाळा संपत आलेला असतो, कारण बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. हवा थंडगार असते आणि आपल्याकडच्यासारखा पावसाचा चिखल नसतो. मुंबईहून थेट विमान आहे आणि भारतीय पर्यटकाला आधी व्हिसा काढून ठेवावा लागत नाही. कासकावेल गावात विठ्ठल-रुक्मिणीचे देऊळ आहे, आणि विसर्जनाच्या दिवशी कुठल्या किनाऱ्यावर कोणत्या गावची मिरवणूक येणार हे विचारायला तिथल्या मराठी मंडळीइतका जाणता माणूस दुसरा नाही. मराठीत विचारावे. उत्तरात दोन शब्द क्रिओलचे येतील, पण जेवून जाण्याचा आग्रह हमखास होईल.